व्यक्ती तितक्या प्रकृती, मग कप्पे सातच का?

मराठीत तब्येत विचारायची तर ‘प्रकृती कशी आहे?’ म्हणतात आणि कुणाच्या तापटपणाबद्दल बोलायचं तरी ‘पित्तप्रकृतीचा आहे’ म्हणतात. राग आला की पित्त खवळतं, कुणी भंडावून सोडलं की त्यानं वात आणला असं आपण म्हणतो. तोऱ्यात वागणाऱ्याला ‘मिजासखोर’ म्हणतो तेव्हा युनानी वैद्यकातला ‘मिजाज’, म्हणजे शरीरातल्या गुणांचं मिश्रण, आपल्या तोंडी असतो. शरीरातल्या द्रवांवरून स्वभाव ठरतो हा सिद्धांत भाषेत इतका मुरला आहे की तो तपासून पाहावा असं सहसा सुचतच नाही.

तपासायची वेळ मात्र आली आहे. आयुष मंत्रालयानं २६ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘देश का प्रकृती परीक्षण’ हे अभियान सुरू केलं आणि २० फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईत त्याचा समारोप झाला. स्वयंसेवकांनी मोबाइल अ‍ॅपवर सव्वा कोटीहून अधिक लोकांची प्रकृती नोंदवली, लोकांना डिजिटल प्रमाणपत्रं मिळाली. दुसरीकडे कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गात माणसांना लाल, पिवळा, हिरवा, निळा अशा रंगांत वाटलं जातं आणि दहावीनंतरच्या करिअर समुपदेशनात मायर्स-ब्रिग्ज (एमबीटीआय) चाचणीतला चार अक्षरांचा एखादा ‘प्रकार’ मुलाच्या हातात दिला जातो. एकाची मुळं चरक-सुश्रुतांत, दुसऱ्याची थेट ग्रीकांपर्यंत पोचणारी. माझा आक्षेप त्यांच्या प्राचीनतेला नाही. स्वभाव ही कमी-जास्त असणारी गोष्ट आहे. तिचे कप्पे पाडायचे आणि मग त्या कप्प्यांवर नोकरी, शिक्षण, औषध यांचे निर्णय टेकवायचे, याला माझा आक्षेप आहे.

आधी प्राचीनांना न्याय देऊ. इसवीसनपूर्व ४०० च्या आसपास हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव मांडले गेले. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलेननं त्यावर मिश्रणांचा सिद्धांत उभा केला. त्याच्या हिशेबात चार नव्हे, नऊ मिश्रणं होती : एक समतोल, चार एकेरी (उष्ण, शीत, कोरडं, ओलं) आणि चार जोडीची. शिवाय प्रत्येकात प्रमाण कमी-जास्त. उत्साही, तापट, खिन्न आणि थंड अशी चार माणसांची सुटसुटीत चित्रमाला नंतरच्या शतकांत घट्ट झाली. आपल्याकडेही तसंच. आयुर्वेदात शारीर प्रकृती सात : वातज, पित्तज, कफज, तीन द्वंद्वज (दोन दोषांच्या जोडीच्या) आणि एक समदोषज (तिन्ही दोष समान असलेली). पण चरकानं मनाचा विचार वेगळा केला. सात्त्विक सात, राजस सहा, तामस तीन अशा एकूण सोळा मानस प्रकृती त्यानं सांगितल्या. शरीराच्या दोषांवरून मनाचा स्वभाव थेट वाचता येत नाही, त्याला स्वतंत्र मांडणी लागते, ही त्याची जाण आजच्या बहुतेक प्रश्नावल्यांत दिसत नाही. त्यांत घामाचा प्रश्न आणि रागाचा प्रश्न एकाच बेरजेत पडतात.

या सिद्धांताचा कारणांचा भाग पूर्णपणे कोसळला. काळं पित्त नावाचा स्वतंत्र द्रव शरीरात नाही. खिन्न माणसाचं रक्त काढून त्याची खिन्नता जात नाही. इथं वाद घालण्यासारखं काही उरलेलं नाही.

निरीक्षणाचा भाग मात्र टिकला, आणि तो कसा टिकला हे समजून घेण्यासारखं आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंटनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चार स्वभावांकडे पाहून एक साधी गोष्ट केली : चार कप्प्यांऐवजी दोन रेषा काढल्या. भावना किती तीव्र उठते ही एक, आणि ती किती झपाट्यानं बदलते ही दुसरी. तापट माणसाची भावना तीव्र आणि जलद, खिन्न माणसाची तीव्र पण संथ, उत्साही माणसाची सौम्य आणि जलद, थंड माणसाची सौम्य आणि संथ. पुढे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंकनं १९४७ मध्ये शेकडो सैनिकांच्या नोंदींवरून दोन अक्ष मांडले, अंतर्मुखता–बहिर्मुखता आणि भावनिक स्थैर्य–अस्थैर्य. नंतर त्यानं हे अक्ष एका वर्तुळात आखून चारही प्राचीन नावं त्यांच्या चार कोपऱ्यांत बसवली. बहिर्मुख आणि अस्थिर तो तापट, अंतर्मुख आणि अस्थिर तो खिन्न, बहिर्मुख आणि स्थिर तो उत्साही, अंतर्मुख आणि स्थिर तो थंड. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत हे वर्तुळ आजही छापतात आणि ते पाहून अनेकांना वाटतं की गेलेन खरा ठरला. पण वर्तुळाचा अर्थ उलटा आहे. कोपऱ्यांना नावं दिली तरी माणसं कोपऱ्यांत राहत नाहीत. बहुतेक जण मध्याजवळ असतात. वितरण घंटाकार असेल तर कोणत्याही एका अक्षावर सरासरीच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या प्रमाण-विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याच्या मापाच्या) आत ३८ टक्के लोक सापडतात.

मुलांच्या अभ्यासातही तेच दिसलं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा पाठपुरावा केला. नऊ गुणांवरून त्यांनी तीन गट पाडले : सोपी मुलं सुमारे ४० टक्के, अवघड १० टक्के, हळूहळू मोकळी होणारी १५ टक्के. पाठ्यपुस्तकात ही तीन नावं पाठ करून घेतली जातात, उरलेली ३५ टक्के मुलं कुठल्याच गटात बसली नाहीत हे वाक्य सहसा सुटतं. मानसशास्त्रज्ञ जेरोम केगननं चार महिन्यांच्या बाळांसमोर हलती खेळणी धरली, अनोळखी आवाज ऐकवले, नाकाजवळ स्पिरिटचा बोळा नेला. साधारण पाचातलं एक बाळ जोरानं हातपाय झाडून रडलं, तर पाचातली दोन शांत राहिली. या दोन गटांतला फरक पुढे वर्षानुवर्षं काही प्रमाणात दिसत राहिला. म्हणजे जन्मजात कल असतो, यात शंका नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतही स्वभावगुणांतल्या फरकाचा ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक निघतो. पण केगनच्या जोरानं रडणाऱ्या बाळांपैकी थोडीच मोठेपणी टोकाची भित्री राहिली, बहुतेक मध्याकडे सरकली. चार महिन्यांच्या बाळावर ‘हा भित्राच’ असा शिक्का मारला असता तर बहुतेक वेळा तो चुकला असता.

प्राचीन मांडणीत आणखी एक मोठं भगदाड आहे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसांचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचले. अशा शब्दांच्या गाळणीतून पुढच्या पन्नास वर्षांत पाच मोठे घटक पुन्हापुन्हा वर आले : बहिर्मुखता, भावनिक अस्थैर्य, मनमिळाऊपणा, काटेकोरपणा आणि नव्याबद्दलचा मोकळेपणा. आयसेंकच्या वर्तुळात यातले दोनच आहेत. काटेकोरपणा तिथं नाहीच, आणि कामाच्या दर्जाशी सर्वांत सातत्यानं जुळणारा गुण तोच आहे. जुळतो तरी किती? सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पूर्ण जुळणी) ०.२ च्या आसपास. वर्ग केला तर ०.०४, म्हणजे कामगिरीतल्या फरकाचे चार टक्के. सगळ्यांत चांगला गुण एवढं सांगतो, तर दोन अक्षांच्या चार रंगांवर माणूस निवडणाऱ्या कंपनीच्या हाती काय लागत असेल? चार अक्षरी चाचणीचे प्रसारक स्वतःच सांगतात की ती नोकरभरतीसाठी वापरू नये. तरी ती वापरली जाते.

या चार अक्षरी चाचणीत नेमकं काय बिघडतं ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे, कारण तोच बिघाड प्रकृती परीक्षणातही आहे. समजा प्रश्नावली चांगली आहे. महिन्यानं पुन्हा भरून घेतली तर दोन्ही वेळच्या गुणांतला सहसंबंध ०.८० येतो. मानसशास्त्रात हा आकडा चांगला मानतात. आता गुणांच्या मधोमध रेघ मारा : अलीकडचे अंतर्मुख, पलीकडचे बहिर्मुख. माणसांत काहीही न बदलता दुसऱ्या वेळी शंभरातले सुमारे २० जण रेघेच्या दुसऱ्या बाजूला जातील, कारण ते रेघेजवळच होते आणि मोजमापात तेवढी चूक असतेच. अशा चार रेघा मारल्या आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर चारही अक्षरं तीच राहण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८ असं चारदा, म्हणजे ०.४१. शंभरातल्या जवळपास ६० जणांचा ‘प्रकार’ महिन्यात बदलला! सहसंबंध ०.९० इतका उत्तम असला तरी प्रत्येक रेघ १४ जण ओलांडतात आणि ४५ जणांचं किमान एक अक्षर बदलतं. प्रत्यक्ष अभ्यासांतही पाच आठवड्यांनी निम्म्याच्या आसपास लोकांचा प्रकार बदललेला आढळला आहे. मोजपट्टी धड असते, ती मधे कापली की बिघडते. तेच गुण आकड्यांत ठेवले असते, ‘अंतर्मुखतेकडे किंचित झुकलेला, चूक इतकी धरा’ असं सांगितलं असतं, तर काही अडलं नसतं.

आता प्रकृतीच्या प्रश्नावलीतला एकेक प्रश्न जवळून पाहू. ‘तुम्हाला भूक कडाडून लागते आणि पचनही चांगलं असतं का?’ हे दोन प्रश्न आहेत. भूक लागते पण पचत नाही अशा माणसानं कशावर टिचकी मारायची? ‘तुम्ही भराभर बोलता का?’ कुणाच्या तुलनेत? बडबड्या घरातला घुमा आणि घुम्या घरातला बडबड्या एकाच वेगानं बोलत असले तरी उलट उत्तरं देतील. ‘घाम जास्त येतो का?’ चंद्रपुरात मे महिन्यात विचारलं तर निम्मं गाव पित्तप्रकृतीचं निघेल आणि महाबळेश्वरात जानेवारीत विचारलं तर तीच माणसं वेगळी निघतील. शास्त्राच्या दृष्टीनं हा दोष किरकोळ नाही. सुश्रुताच्या मते प्रकृती गर्भधारणेच्या वेळी ठरते आणि मरेपर्यंत बदलत नाही. मग ऋतू बदलल्यावर ज्याचं उत्तर बदलतं तो प्रश्न प्रकृती मोजत नाही, उन्हाळा मोजतो.

बेरजेचीही अडचण आहे. वात, पित्त, कफ यांची टक्केवारी मिळून १०० करायची पद्धत सर्रास दिसते. दोन माणसं घ्या. पहिल्यानं वाताच्या दहापैकी नऊ, पित्ताच्या नऊ आणि कफाच्या नऊ लक्षणांना हो म्हटलं. दुसऱ्यानं तीन, तीन, तीन. दोघांची टक्केवारी एकच, ३३-३३-३३, दोघंही समदोषज, आयुर्वेदाच्या दृष्टीनं सर्वांत उत्तम प्रकृतीचे. दोघांत काहीच सारखं नाही. शिवाय एक टक्केवारी वाढली की दुसरी कमी व्हावीच लागते, त्यामुळे ‘पित्त जास्त असलेल्यांत वात कमी’ असा शोध हिशेबातूनच निघतो, त्याला शरीराची साक्ष लागत नाही. मग कुणाला पित्त ४२, वात ३८ असं आलं की ‘पित्तप्रधान’ असं प्रमाणपत्र मिळतं. चार गुणांचा तो फरक एका प्रश्नाच्या उत्तरानं पुसला जाऊ शकतो.

प्रश्नावली नको, अनुभवी वैद्य नाडी आणि लक्षणं पाहून प्रकृती सांगतात, हे उत्तर मला मान्य होण्यासारखं आहे. फक्त ते तपासता आलं पाहिजे. समजा दोन वैद्यांनी एकमेकांना न विचारता तीच १०० माणसं पाहिली आणि साठांबाबत त्यांचं एकमत झालं. साठ टक्के ऐकायला बरं वाटतं. पण दोघंही ७० टक्के लोकांना पित्तच सांगत असतील आणि उरलेल्यांना निम्मं वात, निम्मं कफ, तर डोळे मिटून सांगितलं तरी ५३-५४ जणांबाबत एकमत होणारच. संख्याशास्त्रात ‘कॅपा’ (kappa) नावाचा निर्देशांक हा योगायोग वजा करतो : ६० वजा ५३.५, भागिले १०० वजा ५३.५, उत्तर ०.१४. शून्य म्हणजे निव्वळ योगायोग, एक म्हणजे पूर्ण एकमत. तेच साठ टक्के एकमत तिन्ही प्रकृती समसमान सांगून झालं असतं तर आकडा ०.४० आला असता. म्हणून नुसती एकमताची टक्केवारी ऐकून समाधान मानू नये, हा निर्देशांक मागावा.

उलट बाजूचा सर्वांत भक्कम पुरावाही पाहायला हवा. २०१५ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) या संस्थेतल्या संशोधकांनी इतरांबरोबर प्रकृती आणि जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वैद्यांचं निदान आणि पुण्याच्या सी-डॅकनं बनवलेलं ‘आयुसॉफ्ट’ हे सॉफ्टवेअर, दोन्ही वापरून त्यांनी माणसं निवडली आणि तीन प्रकृतींत वेगळी दिसणारी ५२ जनुकीय स्थानं शोधली. काम कसून केलेलं आहे आणि ते हसण्यावारी नेणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण त्यातला एक आकडा पाहा : ३,४१६ पुरुष तपासल्यावर नीट वर्गीकरण झालेले म्हणून विश्लेषणाला २६२ घेतले. तेरातला एक. संशोधनासाठी टोकं निवडणं योग्यच आहे, फरक टोकांतच ठळक दिसतो. उरलेल्या बारांना मात्र तो निष्कर्ष आपोआप लागू होत नाही आणि प्रमाणपत्र तर तेराही जणांना मिळतं. सांख्यिकी उंबरठाही, म्हणजे फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची किती शक्यता चालवून घ्यायची ती मर्यादाही, पाहावा. तिथं तो एक लाखात एक होता. संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासांत सर्वसाधारणपणे दोन कोटींत एक इतका कडक उंबरठा मानतात. त्यामुळे दुसऱ्या, मोठ्या गटात तीच स्थानं पुन्हा दिसली पाहिजेत.

पाश्चात्त्य बाजूलाही असंच एक काम २०१८ मध्ये झालं. पंधरा लाख लोकांच्या उत्तरांत संशोधकांना चार गट सापडले आणि मथळे झळकले की माणसं चारच प्रकारची असतात. ते चार गट प्राचीन चार नव्हतेच, त्यांतला एक तर ‘सरासरी’ माणसांचा होता. प्रत्यक्षात सलग पसरलेल्या गर्दीत कुठं थोडी जास्त दाटी आहे एवढंच त्यांनी दाखवलं होतं. लोकलच्या डब्यात दाराशी दाटी असते म्हणून दाराशी उभी असलेली माणसं वेगळ्या जातीची ठरत नाहीत.

सर्वांत काळजीची गोष्ट आजाराची. स्वभावावरून रोग सांगणं हा प्राचीन सिद्धांताचा गाभा होता, आणि आधुनिक काळात तो मोठ्या नावानिशी परत आला. आयसेंकनं उत्तरायुष्यात रोनाल्ड ग्रोसार्थ-माटिचेक यांच्यासह लिहिलं की अमुक स्वभावाची माणसं कर्करोगानं आणि तमुक स्वभावाची हृदयविकारानं मरतात. आकडे अविश्वसनीय वाटावेत इतके जोरदार होते. २०१९ मध्ये त्याच्याच लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीनं त्या दोघांचे २६ लेख भरवशाचे नाहीत असं ठरवलं. त्याआधी, २०१० मध्ये, स्वीडन आणि फिनलंडमधल्या जवळपास ६० हजार लोकांच्या दीर्घ पाठपुराव्यात बहिर्मुखता किंवा भावनिक अस्थैर्य यांचा कर्करोग होण्याशी संबंध आढळला नव्हता. मधल्या काळात किती रुग्णांनी ‘माझ्या स्वभावानंच मला हा आजार दिला’ असं मनाला लावून घेतलं असेल, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ‘तुमची प्रकृती अमुक, तुम्हाला तमुक रोगाचा धोका’ असं प्रमाणपत्रावरून सांगण्याआधी हा इतिहास समोर असावा. धोका सांगायचा तर आज निरोगी असलेल्या माणसांची प्रकृती आज नोंदवायची, दहा वर्षं थांबायचं आणि मग कोण आजारी पडलं ते पाहायचं. आजारी माणसाला गाठून त्याची प्रकृती विचारली तर आजारच उत्तरं देतो.

स्वभावाला औषध नसतं, असं आपण म्हणतो. तेही पूर्ण खरं नाही. मानसोपचारांवरच्या २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये आला. सरासरी २४ आठवड्यांत स्वभावगुणांत, विशेषतः भावनिक अस्थैर्यात, मोजता येईल असा फरक पडलेला दिसला. पंधरा वर्षांच्या मुलीला ‘तू अंतर्मुख प्रकारची, वकिली तुझ्यासाठी नाही’ असं सांगणाऱ्यानं आज तिच्या गुणांचं एक छायाचित्र काढलं आणि ते तिच्या पुढच्या चाळीस वर्षांवर चिकटवलं, असाच त्याचा अर्थ होतो. तिच्या पालकांनी समुपदेशकाला तीन गोष्टी विचाराव्यात : ही चाचणी महिन्यानं पुन्हा घेतली तर निकाल किती जणांचा बदलतो, गुण किती आले आणि त्यात चूक किती धरायची, आणि ती कोणत्या मुलांवर, कोणत्या भाषेत बसवून घेतली आहे. तिसरा प्रश्न मराठी मुलांसाठी फार महत्त्वाचा आहे. इंग्रजी प्रश्नावलीतलं ‘पार्टीचा प्राण’ शब्दशः मराठीत आणून चालत नाही. आपल्याकडे तो गुण लग्नघरात किंवा गणपतीच्या मांडवात दिसतो. आणि ‘भिडस्त’ माणसाला कुठल्या रकान्यात टाकायचं? तो लाजाळू नसतो, घाबरटही नसतो. त्याला नाही म्हणता येत नाही. तिरसट, आतल्या गाठीचा, आरंभशूर, धांदरट, लाघवी हे शब्द मराठीनं शेकडो वर्षं माणसं पाहून घडवले आहेत. मराठी प्रश्नावली या शब्दांपासून सुरू व्हायला हवी.

अभियानाकडे सव्वा कोटी नोंदी आहेत, ही मोठी संधी आहे. त्यातली एक हजार माणसं चिठ्ठ्या टाकून निवडावीत. मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, वेगळ्या स्वयंसेवकाकरवी, आधीचा निकाल न दाखवता त्यांना तेच प्रश्न विचारावेत. त्यातल्या दोनशे जणांना दोन वैद्यांकडे स्वतंत्रपणे पाठवावं. किती जणांची प्रकृती तीच राहिली, वैद्यांच्या एकमताचा कॅपा किती आला आणि कोणते प्रश्न ऋतूबरोबर हलले, एवढं एका पानावर छापावं. त्यासाठी नवं अ‍ॅप लागत नाही. एका जिल्ह्याच्या आयुर्वेद महाविद्यालयाला हे काम सहा महिन्यांत करता येईल, आणि तोवर नवी प्रमाणपत्रं वाटणं थांबवायला हवं.